संकटग्रस्त नायिकेचे स्थित्यंतर : चंदैनी आणि झेल्डा

१

कथेच्या आरंभी एका स्त्रीवर संकट येते. कोणी तिला पळवून नेतो, कोणी कोंडून ठेवतो, कोणी तिच्या पित्याच्या नगराला वेढा घालतो. मग एक वीर घराबाहेर पडतो, वाटेतील अडथळे ओलांडतो, प्रतिनायकाचा नाश करतो आणि तिला सोडवून आणतो. जगातील बहुतेक कथापरंपरांना परिचित असलेल्या या आकृतिबंधातील स्त्रीला प्रस्तुत लेखात ‘संकटग्रस्त नायिका’ असे म्हटले आहे. तिच्यामुळे कथा घडते, पण कथा घडविणे तिच्या हाती नसते, हा तिचा मुख्य विशेष. संकट तिचे असते. पराक्रम, प्रवास आणि अनुभव मात्र दुसऱ्याचे असतात.

मराठी वाचकाला या आकृतिबंधाची एक निराळी छटा जुनीच परिचयाची आहे. महानुभाव कवी नरेंद्र याचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (सुमारे १२९२) आणि एकनाथांनी १५७१ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केलेले त्याच नावाचे काव्य यांतील विदर्भकन्या रुक्मिणी संकटात आहे, यात शंका नाही. तिचा विवाह शिशुपालाशी ठरविण्यात आला आहे आणि तो तिला मान्य नाही. परंतु ती केवळ वाट पाहत बसत नाही. ती पत्र लिहिते, ते द्वारकेला पोहोचविण्याची व्यवस्था करते आणि कोणत्या वेळी, कोणत्या देवालयापाशी आपणास न्यावे हेही कळविते. सुटकेची योजना तिची असते, प्रत्यक्ष सुटका कृष्णाची असते. यावरून संकटग्रस्त नायिकेच्या स्थितीचे तीन टप्पे कल्पिता येतात. पहिल्यात ती फक्त सोडविली जाते. दुसऱ्यात ती आपल्या सुटकेची आखणी करते. तिसऱ्यात ती स्वतःला सोडविते आणि प्रसंगी सोडविणाऱ्यालाही सोडविते.

एखादी नायिका पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्या टप्प्यावर कशी जाते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी दोन उदाहरणे निवडली आहेत. एक जपानमध्ये निर्माण झालेल्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील राजकन्या झेल्डा, आणि दुसरे छत्तीसगढच्या मौखिक महाकाव्यातील चंदैनी. दोघींमध्ये एक साम्य आहे: दोन्ही कथांना नायिकेचे नाव आहे. कथेला नायिकेचे नाव असणे आणि कथा नायिकेची असणे या दोन गोष्टींतील अंतर या तुलनेतून स्पष्ट होते.

२

व्हिडिओ गेमच्या इतिहासात संकटग्रस्त नायिका जवळजवळ आरंभापासून आढळते. क्योतो येथील निन्टेन्डो या संस्थेच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळात एक प्रचंड वानर एका स्त्रीला उचलून उंच मचाणावर नेतो आणि एक सुतार तिला सोडविण्यासाठी चढू लागतो. त्याच संस्थेच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळात राजकन्या पीच हिला पळविले जाते. दोन्ही खेळांचे कर्ते शिगेरू मियामोतो हे होत. या आकृतिबंधाची निवड होण्यास एक व्यावहारिक कारणही होते. तत्कालीन यंत्रांची स्मरणक्षमता अत्यल्प होती आणि पडद्यावर लांबलचक कथा सांगणे शक्य नव्हते. स्त्रीचे अपहरण हा प्रसंग मात्र कोणत्याही भाषेतील खेळाडूला एका दृष्टिक्षेपात समजतो. तो खेळाला हेतू पुरवितो आणि खेळ संपल्यावर देण्यासाठी बक्षीसही पुरवितो. ही सोय हळूहळू रूढी झाली.

या माध्यमाचा एक विशेष साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. कादंबरीत वा काव्यात कर्तृत्व कोणाचे, याबद्दल वाद घालता येतो. खेळात मात्र त्याचे उत्तर यांत्रिक असते. खेळाडूच्या हातातील कळ ज्या पात्राला हलविते ते पात्र कर्ता. बाकीची पात्रे त्याच्या वाटेवरील मदत, अडथळा किंवा साध्य. त्यामुळे नायिकेचे स्थान कोणते, हे येथे निःसंदिग्धपणे मोजता येते.

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. राजकन्येचे नाव अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड यांची पत्नी झेल्डा हिच्या नावावरून सुचले, असे मियामोतो यांनी सांगितले आहे. शीर्षक राजकन्येचे असले तरी खेळाडू ज्याला हलवितो तो लिंक नावाचा तरुण. राजकन्या गॅनन या दुष्टाच्या कैदेत आहे. तथापि याच पहिल्या खेळाच्या पूर्वकथेत एक लहानसा, परंतु महत्त्वाचा तपशील आहे. पकडले जाण्यापूर्वी झेल्डाने आपल्याजवळील ‘ज्ञाना’च्या त्रिकोणाचे आठ तुकडे करून ते ठिकठिकाणी लपविले होते. म्हणजे लिंकचा संपूर्ण प्रवास तिने आखलेल्या योजनेवर चालतो. बीजरूपाने ती रुक्मिणीच्या टप्प्यावर उभी आहे. परंतु ही योजना खेळ सुरू होण्यापूर्वी घडून गेलेली असल्यामुळे ती खेळाडूच्या अनुभवाचा भाग होत नाही.

पुढील खेळांत हे बीज वाढताना आणि वारंवार खुडले जाताना दिसते. १९८७ च्या खेळात ती शापाने निद्रिस्त आहे. १९९१ च्या खेळात ती कारागृहातून लिंकच्या मनाशी संवाद साधते, सुटते आणि पुन्हा पकडली जाते. १९९८ चा ‘ऑकरिना ऑफ टाइम’ हा खेळ या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्यात झेल्डा सात वर्षे ‘शीक’ या नावाने, वेषांतर करून शत्रूच्या राज्यात वावरते आणि नायकाला वाट दाखविणाऱ्या सुरावटी शिकविते. ज्या क्षणी ती वेष उतरवून राजकन्या म्हणून प्रकट होते, त्यानंतर अल्पावधीतच शत्रू तिला स्फटिकात बंद करतो. २००२ च्या ‘द विंड वेकर’मध्ये टेट्रा ही धीट मुलगी समुद्री चाच्यांची म्होरकी आहे. तीच झेल्डा असल्याचे उघड होताच तिचा पोशाख बदलतो, वर्णही उजळतो आणि सुरक्षिततेसाठी तिने एका जागी थांबावे असे ठरते. या दोन खेळांतून मालिकेचा एक अलिखित नियम हाती लागतो: नायिका दुसऱ्या नावाने कर्ती होऊ शकते, स्वतःच्या नावाने तिला संकटग्रस्तच असावे लागते.

२००९ च्या ‘स्पिरिट ट्रॅक्स’मध्ये देहापासून विलग झालेला तिचा आत्मा नायकाच्या सोबत फिरतो आणि राक्षसी चिलखतांत शिरून लढतो. तेथे खेळाडूला प्रथमच, मर्यादित प्रमाणात, तिला हलविता येते. २०१३ मध्ये अनिता सार्कीझियन यांनी व्हिडिओ गेममधील स्त्रीप्रतिमांवरील आपल्या चित्रफीतमालेचा आरंभ याच आकृतिबंधाच्या चिकित्सेने केला आणि हा प्रश्न व्यापक चर्चेचा विषय झाला. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये झेल्डा शंभर वर्षे आपल्या सामर्थ्याने शत्रूला रोखून धरते, नायक तेवढा काळ निद्रिस्त असतो. अखेर २६ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘एकोज ऑफ विझडम’मध्ये आरंभीच्या प्रसंगानंतर लिंक एका विवरात नाहीसा होतो आणि त्याचा व राज्याचा शोध झेल्डा घेते. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने परवान्याने काढलेले काही खेळ वगळले, तर निन्टेन्डोच्या स्वतःच्या मालिकेत झेल्डा मुख्य कर्ती होण्यास ३८ वर्षे लागली. या खेळाच्या दोन दिग्दर्शकांपैकी तोमोमी सानो या मालिकेच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक होत, हाही योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही. येथे झेल्डाचे मुख्य साधन तलवार नाही. भोवतालच्या वस्तूंच्या आणि प्राण्यांच्या प्रतिकृती निर्माण करून, त्यांची जुळणी करून ती मार्ग काढते. बळाची जागा युक्तीने घेतली आहे. हा मुद्दा पुढे चंदैनीच्या संदर्भात पुन्हा येईल.

३

झेल्डाचे स्थित्यंतर एका व्यवसायसंस्थेच्या निर्णयांनी, खेळामागून खेळ, असे घडले. भारतात मात्र एका संकटग्रस्त नायिकेचे स्थित्यंतर कोणत्याही एका कर्त्याच्या निर्णयाविना, केवळ प्रदेश आणि श्रोता बदलल्यामुळे घडलेले आढळते. ती नायिका म्हणजे लोरिक-चंदाच्या कथेतील चंदा.

लोरिक हा अहीर म्हणजे गवळी वीर. त्याची कथा बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, अवध आणि छत्तीसगढ एवढ्या विस्तीर्ण पट्ट्यात गायिली जाते. चौदाव्या शतकातील ज्योतिरीश्वर ठाकूर यांच्या ‘वर्णरत्नाकर’ या मैथिली ग्रंथात लोरिकनृत्याचा उल्लेख येतो, यावरून तिचे प्राचीनत्व ध्यानात येते. भोजपुरी प्रदेशात ती प्रामुख्याने ‘लोरिकायन’ किंवा ‘लोरिकी’ या नावाने ओळखली जाते. श्याम मनोहर पांडेय यांनी या प्रदेशातील गायकांचे दीर्घ पाठ ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले आहेत. तेथील कथा युद्धांच्या मालिकेने पुढे सरकते. स्त्रियांची प्राप्ती आणि त्यांचे रक्षण ही लोरिकाच्या, पर्यायाने त्याच्या जातीच्या, प्रतिष्ठेची कसोटी ठरते. नाव वीराचे आणि कथाही वीराची, अशी ही सरळ स्थिती आहे.

याच कथेवर मौलाना दाऊद यांनी १३७९ मध्ये डलमऊ येथे ‘चांदायन’ हे अवधी प्रेमाख्यान रचले. सूफी प्रेमाख्यानांच्या परंपरेतील उपलब्ध काव्यांत हे सर्वांत जुने मानले जाते. येथे नाव चंदाचे आहे. बाजिर नावाचा भटका गायक तिला पाहून मूर्च्छित होतो, तिच्या रूपाचे वर्णन राव रूपचंदापुढे करतो, रूपचंद तिच्यासाठी गोवर नगराला वेढा घालतो आणि लोरिक त्याचा पराभव करतो. पुढे चंदा आणि लोरिक हरदीकडे पळून जातात तेव्हा वाटेत तिला सर्पदंश होतो. लोरिक विलाप करतो आणि मांत्रिकाच्या हातून ती पुन्हा जिवंत होते. चंदाच्या ठिकाणी धीटपणाही आहे. परंतु काव्याची मुख्य दृष्टी तिच्या सौंदर्याकडे पाहणाऱ्याची आहे. तिचे रूप हे ईश्वरी तेजाचे प्रतीक आणि लोरिकाची ओढ ही साधकाची ओढ, अशी ही योजना आहे. साधना साधकाची असते, साध्याची नसते. त्यामुळे शीर्षकात असूनही चंदा कथेची कर्ती होत नाही. या काव्याच्या सचित्र हस्तलिखितांपैकी एकाची पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मराठी अभ्यासकाला ती सहज पाहता येण्याजोगी आहेत.

‘चांदायन’ची चंदा आणि पहिल्या खेळांतील झेल्डा यांची स्थिती अशा रीतीने एकच आहे. कथा त्यांच्या नावाने ओळखली जाते, कारण त्या कथेचे गंतव्य आहेत. प्रवासी मात्र दुसराच असतो.

४

रायपूर शहराच्या उत्तरेस लागून बीरगांव हे औद्योगिक नगर आहे. उरला येथील कारखान्यांमुळे त्याची वाढ झाली. तेथे छत्तीसगढच्या खेड्यांतून आलेल्या कामगारांच्या शेजारीच बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही राहतात. म्हणजे ज्या लोकांत लोरिकायन गायिले जाते आणि ज्यांच्यात चंदैनी गायिली जाते, अशा दोन्ही परंपरांचे वारस एका वस्तीत शेजारी आहेत. रायपूरहून पूर्वेकडे सुमारे ३५ किलोमीटरवर आरंग हे प्राचीन गाव लागते. छत्तीसगढचे गायक आणि श्रोते कथेतील गढगौरा म्हणजे हेच आरंग, आणि गढरीवां म्हणजे त्याच्या जवळचे रीवा, असे मानतात. अवधीत रचलेली, भोजपुरीत गायिलेली कथा येथे परकी राहिलेली नाही. ती रायपूरच्या परिसरातील नित्याच्या वाटेवर घडलेली घटना झाली आहे. हा प्रदेश १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आणि पुढे १८५४ पर्यंत त्यांच्या राज्यात होता, तथापि मराठीतील लोकसाहित्याच्या अभ्यासात ही कथा फारशी आलेली नाही.

येथे कथेचे नाव ‘चंदैनी’ आहे. व्हेरिअर एल्विन यांच्या ‘फोक-साँग्ज ऑफ छत्तीसगढ’ (१९४६) या ग्रंथात तिचा एक पाठ आलेला आहे. पुढे जॉयस फ्लूकिगर या अमेरिकन विदुषीने १९८० नंतरच्या काळात छत्तीसगढमध्ये प्रत्यक्ष प्रयोग ऐकून उत्तर प्रदेशातील आणि छत्तीसगढमधील पाठांची तुलना केली. १९८९ च्या ‘ओरल एपिक्स इन इंडिया’ या संपादित ग्रंथातील त्यांचा निबंध आणि १९९६ मधील त्यांचे पुस्तक यांमुळे हा फरक विद्वानांच्या नजरेस आला. मौखिक काव्याचा पाठ गायकागणिक बदलतो, हे गृहीत धरूनही पुढील गोष्टी ठळकपणे जाणवतात.

चंदैनीचा विवाह बालपणी बावनवीराशी झालेला आहे. पतीकडून संसारसुख नाही, हे लक्षात येताच ती त्याचे घर सोडते आणि एकटी माहेरी निघते. वाटेत अरण्यात बठुवा नावाचा बलदंड पुरुष तिला अडवितो. संकटग्रस्त नायिकेच्या आकृतिबंधात याच ठिकाणी वीराचा प्रवेश व्हावयास हवा. छत्तीसगढी पाठात तो होत नाही. चंदैनी बठुवाला बोलण्यात गुंतविते, युक्तीने त्याला चकविते आणि स्वतःच्या पायांनी माहेर गाठते. उत्तरेकडील पाठांतही अशा युक्तीचे अंश सापडतात. परंतु तेथे त्या वीराच्या युद्धाची प्रस्तावना म्हणून येतात, येथे त्या प्रसंगाचा गाभा होतात.

पुढे बठुवा गावात येऊन धुमाकूळ घालतो आणि लोरिकाला त्याच्याशी सामना करावा लागतो. फ्लूकिगर यांनी नोंदविलेल्या छत्तीसगढी पाठात हा सामनाही केवळ बाहुबलाने जिंकला जात नाही. लोरिकाची पत्नी मंजरी त्यामागची युक्ती योजते. दोघा मल्लांना खड्ड्यांत पुरावयाचे आणि जो आधी बाहेर येईल त्याने दुसऱ्याला मारावयाचे, अशी अट ठरते. मंजरी प्रतिपक्षाच्या स्त्रीचे लक्ष विचलित करते. त्यामुळे लोरिकाभोवतीची माती सैल राहते आणि बठुवाभोवतीची घट्ट बसते. वीर जिंकतो, परंतु त्याचा विजय त्याच्या पत्नीने बेतलेला असतो.

प्रेमाच्या प्रसंगांतही पुढाकार चंदैनीचा आहे. लोरिकाला ती हेरते, त्याच्या वाटेवर उभी राहते, त्याला आपल्याकडे बोलाविते. पळून जाण्याचा निश्चय तिचा असतो आणि कचरणारा लोरिक असतो. हरदीगढच्या वाटेवर स्त्रियांचे राज्य लागते. तेथे गेलेला लोरिक स्त्रियांच्या तावडीत सापडतो आणि चंदैनी त्याला सोडविते. ‘चांदायन’मध्ये वाटेवर सर्पदंशाने निश्चेष्ट पडलेली चंदा आणि विलाप करणारा लोरिक होता, येथे वाटेवर अडकलेला लोरिक आणि त्याची सुटका करणारी चंदैनी आहे. आकृतिबंध तोच राहून भूमिका उलट झाल्या आहेत. नायिकेच्या स्थितीचा तिसरा टप्पा तो हाच.

५

हा बदल का घडला? चंदैनीच्या बाबतीत दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत: कथा कोणाच्या मालकीची आहे आणि ती कोणापुढे सांगितली जाते.

उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये ही कथा मुख्यतः अहीरांची जातिकथा राहिली. विसाव्या शतकात या समाजाने क्षत्रियत्वाचा दावा पुढे केला, तेव्हा शौर्य आणि स्त्रियांच्या पावित्र्याचे रक्षण यांना कथेत अधिक वजन येणे स्वाभाविक होते. छत्तीसगढमध्ये गवळी समाजाला राऊत म्हणतात. (मराठीत राऊत म्हणजे घोडेस्वार, हा अर्थभेद ध्यानात ठेवावा.) तेथे कथा राऊतांपुरती उरली नाही. सतनामी आणि अन्य जातींचे गायकही ती गाऊ लागले. एकट्या गायकाने साथीदारासह गावयाची ही कथा नाचा या लोकनाट्याच्या मंडळींनी वाद्ये, सोंगे आणि संवाद यांसह उभी केली. अनेक जातींच्या मिश्र श्रोत्यांपुढे ती येऊ लागली तेव्हा एका जातीच्या पराक्रमाचा पुरावा, हे तिचे कार्य आपोआप मागे पडले आणि ती एका प्रदेशाची कथा झाली. रायपूरमध्ये १९२३ साली जन्मलेले हबीब तन्वीर यांनीही या कथेला आपल्या रंगभूमीवर स्थान दिले.

दुसरे कारण श्रोतृवर्गातील स्त्रियांच्या जीवनाशी निगडित आहे. छत्तीसगढच्या भातशेतीत रोपणी, निंदणी, कापणी यांत स्त्रियांच्या श्रमाचा वाटा मोठा आहे. अनेक जातींत वराकडून वधूमूल्य देण्याची चाल होती. पहिला संबंध सोडून आलेल्या स्त्रीने दुसऱ्या पुरुषाच्या बांगड्या भरल्या की तो विवाह समाजमान्य होई. ‘चूडी’ या नावाने ओळखला जाणारा हा विवाहप्रकार महाराष्ट्रातील पाटाशी किंवा म्होतुराशी नाते सांगणारा आहे. जेथे नवऱ्याचे घर सोडून एकट्याने माहेरची वाट धरणाऱ्या स्त्रिया श्रोत्यांच्या परिचयाच्या आहेत, तेथे चंदैनीचे घर सोडणे कुलनाशक ठरत नाही. ते कळण्याजोगे ठरते. रानवाटेवर पुरुष अडवितो तेव्हा वीराची वाट पाहणे परवडत नाही, हेही अशा श्रोत्यांना निराळे सांगावे लागत नाही. फ्लूकिगर यांचेही विवेचन साधारणतः या दिशेने जाते.

याउलट झेल्डाची मालिका ज्या खेळाडूपुढे ठेवलेली होती तो आरंभीच्या काळात मुलगा असावा, असे उत्पादकांचे गृहीतक होते. त्या श्रोत्यासाठी राजकन्या गंतव्य असणे सोयीचे होते. खेळणाऱ्यांत आणि घडविणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण वाढले, चिकित्सा होऊ लागली, तेव्हा ती सोय टिकली नाही. दोन्ही ठिकाणी नायिकेचे स्थान पात्राच्या अंगभूत गुणांनी ठरलेले नाही. ज्ञानाचे तुकडे लपविणारी झेल्डा १९८६ मध्येही बुद्धिमान होतीच. कथा कोणाच्या समोर आणि कोणाच्या हातात आहे, यावर तिच्या बुद्धीला कथेत वाव मिळणे अवलंबून होते.

बळाऐवजी युक्ती हे साम्यही याच प्रकाशात पाहावे. नायिकेच्या हाती तलवार दिली की ती नायकाची प्रतिकृती होते आणि कथेची मूल्यव्यवस्था तशीच राहते. चंदैनी मल्लयुद्ध शिकत नाही. २०२४ ची झेल्डाही मुख्यतः लिंकसारखी लढत नाही. दोघीही संकटाकडे सोडवावयाच्या कोड्यासारखे पाहतात. त्यामुळे त्यांच्या कथांत ‘पराक्रम’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

६

या स्थित्यंतराचा गौरव करताना दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा प्रतिनायकाची. बठुवाला कथेत चर्मकार जातीचा म्हणून रंगविले आहे. उच्चवर्णीय वा गवळी स्त्रीला ‘खालच्या’ जातीच्या पुरुषापासून भय, हा संकटग्रस्त नायिकेच्या आकृतिबंधाचा एक विषारी उपयोग आहे आणि तो केवळ भारतापुरता नाही. ‘पळविणारा’ नेहमीच परका, काळा, रानटी असा रेखाटला जातो. चंदैनीने नायिकेला बंधनातून सोडविले, पण प्रतिनायकाला त्याच्या जातीच्या चौकटीतून सोडविलेले नाही. ज्या सतनामी समाजाला जातिभेदाचा दाह सोसावा लागला, त्याच समाजातील गायकही ही कथा गातात, ही गोष्ट अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. ते गायक बठुवाचा प्रसंग कसा गातात, कोठे आखडता घेतात आणि कोठे खुलवितात, याची बारकाईने तपासणी व्हावयास हवी.

दुसरी मर्यादा कथा आणि जीवन यांतील अंतराची. नाचामध्ये स्त्रीची सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले. चंदैनीची बुद्धी रंगमंचावर पुरुषाच्या तोंडून बोलत आली आहे. शिवाय ज्या प्रदेशात रानवाटेने एकटी निघालेली चंदैनी श्रोत्यांना प्रिय आहे, त्याच प्रदेशात स्त्रीला ‘टोनही’ म्हणजे चेटकीण ठरवून छळण्याचे प्रकार रोखण्यासाठी २००५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कथेत स्वतःला सोडविणारी स्त्री आणि गावात सुटकेसाठी कायद्याकडे पाहणारी स्त्री एकाच भूमीतल्या आहेत. म्हणून कथेतील नायिकेचे कर्तृत्व हा समाजस्थितीचा पुरावा मानणे चुकीचे होईल. श्रोत्यांना काय कल्पिता येते, एवढेच कथा निश्चितपणे सांगते. तेवढे सांगणेही कमी नाही. कारण जे कल्पिता येत नाही त्याची मागणीही करता येत नाही.

शेवटाच्या दृष्टीनेही चंदैनी खेळांच्या पुढे गेलेली दिसते. खेळ संपतो तेव्हा राज्य पूर्ववत होते आणि सुटका हाच शेवट ठरतो. चंदैनीत हरदीगढहून परतल्यावर चंदैनी आणि मंजरी या दोघी समोरासमोर येतात. एकीच्या मुक्तीची किंमत दुसरीने मोजलेली असते. काही पाठांत लोरिक अखेर सारे सोडून निघून जातो आणि पुन्हा दिसत नाही. नायिका संकटातून सुटली म्हणजे प्रश्न सुटले, असे ही कथा मानत नाही. संकटग्रस्त नायिकेची कथा जेथे थांबते तेथून चंदैनीचा उत्तरार्ध सुरू होतो.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. कथेच्या शीर्षकात नायिकेचे नाव आले म्हणजे तिला कथेत कर्तृत्व मिळाले असे होत नाही. ‘चांदायन’ आणि १९८६ ची ‘झेल्डा’ ही त्याची दोन दूरस्थ परंतु समान उदाहरणे आहेत. कर्तृत्व मिळते ते कथेचे श्रोते आणि सांगणारे बदलतात तेव्हा. झेल्डाच्या मालिकेत हा बदल ३८ वर्षांत, संस्थेच्या निर्णयांनी झाला आणि त्याची प्रत्येक पायरी दिनांकासह दाखविता येते. छत्तीसगढमध्ये तो दिनांकाविना, गावोगावच्या रात्रींत, गायकांनी श्रोत्यांच्या मनाचा अंदाज घेत घडविला. त्याची नोंद ठेवणारे कोणी नसल्यामुळे त्याला पुष्कळदा केवळ ‘पाठभेद’ म्हटले जाते. हा पाठभेद नायिकेच्या संकल्पनेतील बदल आहे, असे मानून भारतीय भाषांतील अन्य कथाही पुन्हा वाचल्या पाहिजेत. मराठीपुरते बोलावयाचे तर नरेंद्र आणि एकनाथ यांच्या रुक्मिणीशेजारी, दळताकांडताना स्त्रियांनी ओव्यांतून गायिलेली रुक्मिणी ठेवून पाहणे हे त्याचे पहिले पाऊल ठरेल.

बीरगांवच्या वस्तीत लोरिकायन ऐकत वाढलेला आणि चंदैनी ऐकत वाढलेला, असे दोन कामगार शेजारी राहत असतील, तर एकच कथा ते दोन निरनिराळ्या स्त्रियांची म्हणून सांगतील. एकाची चंदा रक्षणाची वाट पाहील, दुसऱ्याची चंदैनी अरण्यातून एकटी घरी येईल. त्यांची मुले पुढे कोणती कथा सांगतील, हे अद्याप ठरावयाचे आहे.